बाटलीला वय नसतं

बेळगावच्या खासबागेत रविवारच्या बाजाराला गेलं की पिशवी निम्मी भरायच्या आत कुणीतरी शंका घेऊन मला गाठतंच. इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकवल्याचा हा दंड. कुणाला बोअरच्या पाण्यातला क्षार छळत असतो, कुणाला तुरटी खरी की खोटी ते हवं असतं. गेल्या रविवारी मेथीच्या ढिगाआडून आलेली हाक मात्र दबक्या आवाजातली होती. जुन्या ओळखीचे गृहस्थ. वडिलांपासूनचे माग, आता पोरं बघतात.

"सर, एक विचारू काय? हसायचं नाही बघा."

जावयानं अमेरिकेहून येताना बर्बन व्हिस्कीची बाटली आणली होती. लेबलावर 12 वर्षं असं छापलेलं. चांगल्या प्रसंगाला फोडू म्हणून यांनी ती कपाटात, साड्यांच्या गठ्ठ्यामागं ठेवून दिली. प्रसंग काही आला नाही. त्यालाही आता बारा वर्षं होत आली.

"म्हणजे आता ती चोवीसची झाली की नाही?"

"नाही. बाराचीच आहे."

"असं कसं? लोणचं मुरतं, मोरावळा मुरतो, तांदूळ जुना झाला की भात मोकळा होतो. दारूच तेवढी मुरत नाही होय?"

प्रश्न बिनतोड होता. मेथीवालीही जुडी हातात धरून ऐकत थांबली.

उत्तर बाजारात उभ्यानं देण्यासारखं नव्हतं, म्हणून इथं देतो. निमित्तही आहेच. फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्र सरकारनं बर्बनवरचं आयात शुल्क 150 टक्क्यांवरून 100 टक्क्यांवर आणलं, तेव्हापासून हे नाव वर्तमानपत्रांत वरचेवर दिसतं. त्याआधी आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक होतं ते चहात बुडवायचं चॉकलेटी बिस्किट. ते 1910 साली लंडनच्या पीक फ्रीन कंपनीनं काढलं आणि त्याला फ्रान्सच्या राजघराण्याचं नाव दिलं. व्हिस्कीचं नाव केंटकीतल्या बर्बन परगण्यावरून पडलं की न्यू ऑर्लिन्सच्या बर्बन रस्त्यावरून, यावर अमेरिकेत अजून वाद चालतो. पण परगणा काय नि रस्ता काय, दोघांची नावं त्याच घराण्यावरून. थोडक्यात, बिस्किट आणि बाटली चुलत भावंडं.

आता मुरण्याकडं येऊ. लोणच्यात मीठ फोडीत शिरतं, फोडीचा रस बाहेर येतो. मोरावळ्यात आवळा आणि पाक एकमेकांना देणंघेणं करतात. जुन्या तांदळात दाण्यातल्याच स्टार्च आणि प्रथिनांचे बंध हळूहळू बदलतात. थोडक्यात, मुरायला दोघं लागतात, एक मुरणारा आणि दुसरा मुरवणारा. व्हिस्कीला मुरवणारं असतं लाकूड आणि त्यातून झिरपणारी हवा. बाटलीत भरून बूच लावलं की हा दुसरा गडी निघून जातो. काच काही देत नाही, घेत नाही. म्हणून लेबलावरचं वय म्हणजे पिंपात काढलेली वर्षं. कपाटातली वर्षं त्यात धरत नाहीत.

(वाइनचं वेगळं. तिच्यात अल्कोहोल कमी, आम्लं आणि टॅनिन भरपूर, त्यामुळं ती बाटलीतही बदलत राहते. व्हिस्कीला तो मान नाही.)

भट्टीतून निघालेली व्हिस्की पाण्यासारखी पांढरीस्वच्छ असते, वास उकडलेल्या कणसाचा. इथं एक गंमत सांगायलाच हवी. आपल्याकडं कडक मालाला, आणि कडक माणसालाही, 'पहिल्या धारेचा' म्हणून दाद देतात. व्हिस्की गाळणारा कारागीर मात्र धारेचा अगदी पहिला भाग बाजूला काढतो. त्यात अॅसिटाल्डिहाइड आणि एथिल अॅसिटेट यांची गर्दी असते, वास नखांचा रंग पुसायच्या द्रावासारखा. शेवटची धारही तो घेत नाही, तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. पिंपात जातं ते मधलं. आपला वाक्प्रचार चुकीच्या धारेवर बेतलाय, पण आता कोण बदलणार?

पिंप कसं असावं हे अमेरिकी कायदाच सांगतो. धान्यात निदान 51 टक्के मका हवा. पिंपात भरताना अल्कोहोल 62.5 टक्क्यांपेक्षा जास्त नको. बाहेरून रंग घालायचा नाही. आणि पिंप ओकचं, आतून जाळलेलं आणि नवं कोरं. या 'नव्या'पायी जगभरच्या दारूचा नकाशा बदलला. एकदा बर्बन मुरवलेलं पिंप बर्बनवाल्याला पुन्हा वापरता येत नाही. मग ती लाखो पिंपं जातात कुठं? स्कॉटलंडला जातात, गोव्यात कुंकळ्ळीला जातात, बेंगळूरलाही येतात. आपल्याकडं सिंगल माल्ट म्हणून जे नावाजलं जातं, त्याच्या अंगावर बहुधा केंटकीचं जुनं कापड असतं.

ओकच का, सागवान का नाही, असा प्रश्न लाकडाच्या वखारीत वाढलेल्या कुणालाही पडेल. उत्तर पांढऱ्या ओकच्या नसांत आहे. झाड वाढताना त्याच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत फुग्यांसारख्या पेशी शिरतात आणि त्या नळ्या बुजवून टाकतात. लाल ओकमध्ये हे होत नाही. त्याच्या काठीच्या एका टोकानं फुंकलं तर दुसऱ्या टोकाला बुडबुडे काढता येतात. अशा लाकडाचं पिंप म्हणजे चाळण.

आणि जाळायचं कशासाठी? हे बेळगावकराला सांगायला कुंदा पुरे. दूध-साखर मंद आचेवर आटत राहते, पांढऱ्याचं पिवळसर, पिवळ्याचं तांबूस होतं, आणि एका क्षणी कढईतून तो वास सुटतो, जो गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. त्या क्षणी कढईत दुधातली प्रथिनं आणि साखर यांचं मेतकूट जमलेलं असतं. ही प्रक्रिया 1912 साली मांडणाऱ्या लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचं नाव तिला मिळालंय. ओकच्या फळ्यांना आतून आग लावली की लाकडातलं हेमीसेल्युलोज तुटून साखरा सुटतात आणि त्याही तशाच तांबूस होतात. माल्टॉल, फरफुराल ही संयुगं कुंद्याच्या कढईतही सापडतात आणि पिंपाच्या फळीतही. सर्वांत जास्त जाळलेल्या पिंपाला जेमतेम 55 सेकंद आग दाखवतात. लाकडाचा पृष्ठभाग तडकून मगरीच्या पाठीसारखा होतो. कोळशाच्या त्या थराखाली एक तांबूस पट्टा असतो, तो व्हिस्कीचा खरा मसाल्याचा डबा. लिग्निन तुटून व्हॅनिलिन मिळतं (जुन्या पुस्तकांच्या कपाटाला येणारा गोडसर वास याच घराण्यातला), युजेनॉलमुळं लवंग आठवते, आणि ओकमधलं एक लॅक्टोन चक्क ओल्या खोबऱ्याचा वास देतं. अमेरिकी ओकमध्ये ते विशेष असतं. कोकणी सासरवाडी असलेल्यांनी ग्लास नाकाशी नेऊन बघावा.

वरचा काळा कोळसा मात्र काही देत नाही, तो काढून घेतो. ताज्या दारूतले गंधकाचे उग्र वास त्याच्या छिद्रांत अडकतात. हा गुण पहिल्यांदा नीट हेरला तो सेंट पीटर्सबर्गच्या तोबियास लोवित्स या औषधनिर्मात्यानं, 1785 साली. आज पाण्याच्या फिल्टरपासून विषबाधेच्या उपचारापर्यंत कोळसा सगळीकडं आहे, लोवित्स मात्र पाठ्यपुस्तकांत फारसा भेटत नाही.

नाव हरवण्याची अशी आणखी एक गोष्ट बर्बनच्या इतिहासात आहे. मागच्या घाण्यातलं आंबट पाणी पुढच्या आंबवणात मिसळायची पद्धत जवळपास सगळेच बर्बनवाले पाळतात. त्याचं श्रेय जेम्स क्रो या स्कॉटिश डॉक्टर-रसायनतज्ज्ञाला दिलं जातं. माणूस हुशार होता यात वाद नाही. थर्मामीटर आणि हायड्रोमीटर घेऊन त्यानं भट्टीवर शिस्त आणली. पण त्या आंबट पाण्याची कृती केंटकीतल्या कॅथरीन कारपेंटर नावाच्या बाईनं 1818 सालीच लिहून ठेवलेली आहे, आणि तो कागद टिकून आहे. क्रो केंटकीत आला तो त्यानंतर. घराघरांत बायका पिढ्यानपिढ्या जे करत आल्या, त्याला मोजमाप लावणाऱ्या पुरुषाचं नाव मिळालं. ही काही अमेरिकेचीच खोड नव्हे. आपण या पद्धतीला झटकन विरजण म्हणू, पण ते नेमकं नाही. ते पाणी भट्टीतून उकळून आलेलं असतं, त्यातलं यीस्ट मेलेलं असतं. काम करते ती आंबटाई. तिच्यामुळं नको ते जंतू दबतात आणि नवं यीस्ट निवांत वाढतं.

आता वर्षांचा हिशेब. पिंपातून दरसाल काही व्हिस्की उडून जाते. स्कॉटलंडमध्ये या घटीला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. तिथले देवदूत मिताहारी, वर्षाला साधारण दोन टक्क्यांवर समाधानी. केंटकीत उन्हाळा कडक, तिथं चार टक्के धरा. बेंगळुरात दहा-बारा टक्के. 200 लिटरचं पिंप घेऊन बारा वर्षं थांबलात तर स्कॉटलंडमध्ये सुमारे 157 लिटर उरतील, केंटकीत 122, आणि दहा टक्क्यांनी धरलं तरी बेंगळुरात जेमतेम 56. चक्रवाढ व्याज सावकारालाच फायद्याचं, हे इथंही खरं.

ही अडचण अंगावर घेऊन तिचं सोनं करणाऱ्या माणसाचं आडनाव वाचून मराठी वाचक थबकेल: जगदाळे. राधाकृष्ण जगदाळे यांनी 1948 साली बेंगळुरात अमृत डिस्टिलरीज काढली. बरीच वर्षं रम, ब्रँडी, मिश्र व्हिस्की असा नेहमीचा माल निघत होता. त्यांचे पुत्र नीलकंठ राव यांनी सातूपासून माल्ट व्हिस्की गाळायला घेतली, तीही मिश्रणात घालायला. हे लक्षात घ्यायला हवं, कारण आपल्याकडं 'व्हिस्की' म्हणून विकलं जाणारं बरंचसं द्रव्य मुळात मळीच्या स्पिरिटपासून होतं. बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या ऊसवाल्यांना मी वेगळं सांगायला नको. युरोपात अशा द्रव्याला व्हिस्की म्हणायला कायद्यानं बंदी आहे. मग नीलकंठ रावांचे चिरंजीव रक्षित इंग्लंडात न्यूकॅसलला शिकायला गेले, आणि भारतीय सिंगल माल्ट तिथं खपेल का याचीच त्यांनी पाहणी केली. 2004 साली अमृतनं आपली सिंगल माल्ट बाजारात आणली ती बेंगळुरात नव्हे, थेट ग्लासगोत. म्हणजे कोल्हापुरात जाऊन तांबडा रस्सा विकायचा प्रकार. काही वर्षं कुणी फारसं विचारलं नाही. मग इंग्रज समीक्षक जिम मरे यांनी 2010 च्या आपल्या वार्षिक पुस्तकात 'अमृत फ्यूजन'ला जगातली तिसरी उत्तम व्हिस्की ठरवलं आणि चित्र पालटलं. नीलकंठ राव 2019 साली गेले. त्यांच्या कंपनीनं आठ वर्षं मुरलेली एक व्हिस्की काढली होती, तिचं नाव 'ग्रीडी एंजल्स'. हावरट देवदूत! घटीवर इतकी मोकळी विनोदबुद्धी मला दुसऱ्या कुठल्या ताळेबंदात दिसलेली नाही.

तरी एका गोष्टीवर माझा आक्षेप आहे. बेंगळूरचं एक वर्ष म्हणजे स्कॉटलंडची तीन, हे समीकरण आता व्हिस्कीवाल्यांच्या तोंडी बसलंय. हे जाहिरातीचं गणित आहे, रसायनशास्त्राचं नव्हे. उष्णता वाढली की लाकडातला अर्क भरभर उतरतो, हे खरं. पण पिंपात एकच क्रिया चालत नाही. अर्क उतरणं, हवेशी हळूहळू संयोग होणं, आम्ल आणि अल्कोहोल जुळून फळांच्या वासाची एस्टर बनणं, प्रत्येकाची चाल निराळी आणि उष्णतेनं प्रत्येकाला मिळणारा रेटाही निराळा. बैलगाडी, सायकल आणि मोटार यांना एकच तिप्पट लावता येत नाही. उष्ण प्रदेशातली व्हिस्की ही स्कॉचची लवकर मोठी झालेली बहीण नव्हे, ती वेगळीच मुलगी आहे. अमेरिकेत काही कंपन्या तीव्र दिवे, दाब किंवा ध्वनिलहरी वापरून काही दिवसांत वीस वर्षांचा परिणाम साधल्याचा दावा करतात. त्यालाही माझं हेच उत्तर. लाकडाची चव लवकर उतरवता येते, पण वाट बघण्यानं जे घडतं त्यातला एक तुकडाच तेवढा हाती लागतो.

समजा, खासबागेतल्या एखाद्या बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये आपण पिंप ठेवलं. वर पत्रा. एप्रिलमध्ये पत्रा तापतो, हवा कोरडी असते, तेव्हा पिंपातून पाणी जास्त उडेल आणि आतली दारू अधिक तीव्र होईल. जुलैत झड लागली की हवा आधीच पाण्यानं तुडुंब, पाण्याला बाहेर पडायला जागा नाही, मग अल्कोहोल जास्त निसटेल आणि दारू सौम्य होईल. दुपारी फुगून व्हिस्की लाकडात शिरेल, पहाटेच्या गारव्यात आखडून परत येईल, येताना तांबूस पट्ट्यातलं काहीतरी घेऊन. केंटकीच्या मजल्यामजल्यांच्या लाकडी गोदामांत वरच्या मजल्यावरचं पिंप आणि तळमजल्यावरचं पिंप एकाच दिवशी भरलेलं असलं तरी वेगळं निघतं, ते याचमुळं. लेबलावर मात्र दोघांचं वय एकच.

आणि काही वर्षांनी त्या शेडच्या भिंती काळ्या पडल्या असत्या. उडून गेलेलं सगळं देवदूतांना पोचत नाही. फ्रान्समधल्या कोन्याक गावी ब्रँडीच्या कोठारांच्या भिंतींवर आणि आजूबाजूच्या झाडांवर काजळीसारखा थर बसतो, याची नोंद आंतोनँ बोदवँ या औषधनिर्मात्यानं 1872 साली केली. काजळी नव्हे, ती बुरशी होती, हवेतल्या अल्कोहोलच्या वाफेवर पोसणारी. पुढं सव्वाशे वर्षं तिच्याकडं कुणी फारसं वळलं नाही. मग कॅनडात व्हिस्कीच्या एका गोदामाशेजारच्या लोकांच्या घरांवर तोच काळा थर चढायला लागला, आणि जेम्स स्कॉट या बुरशीतज्ज्ञानं त्याचा छडा लावला. 2007 साली त्यांनी या जातकुळीला नाव दिलं बोदोइनिया, त्या विस्मरणात गेलेल्या औषधनिर्मात्याच्या नावावरून. एखाद्या माणसाचं नाव भिंतीवरच्या काळ्या डागाला मिळावं आणि तो सन्मान ठरावा, हे विज्ञानातच घडतं.

"ते सगळं असू दे, प्यायची कशी ते सांगा," असं ते गृहस्थ म्हणतील, म्हणून तेही. (आधी एक खुलासा. अल्कोहोल कर्करोगाला कारणीभूत पदार्थांच्या पहिल्या यादीत आहे, आणि पिंपात बारा वर्षं काढल्यानं त्या यादीतून नाव कटत नाही.)

पहिला घोट जाळतो. ही जळजळ चव नव्हे. तोंडात उष्णता ओळखणारी एक ग्राही असते, टीआरपीव्ही1 नावाची. तिच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. एरवी ती सुमारे 42 अंशांच्या वर घंटा वाजवते. संकेश्वरी मिरचीतलं कॅप्सेसिन तीच घंटा वाजवतं, म्हणून मिरची 'गरम' लागते. अल्कोहोल जरा वेगळी लबाडी करतं. ते त्या घंटेची पातळीच खाली ओढून 34 अंशांच्या आसपास आणतं, आणि मग आपल्याच जिभेची ऊब आपल्याला भाजते. पिणाऱ्याला वाटतं दारू कडक आहे. ठसक्याची सवय असलेला आपला मुलूख इथं फसू शकतो. जेवढा ठसका तेवढा माल अस्सल, असं नसतं.

म्हणून पाणी. थोडंसंच, चमचाभर. पाण्यानं व्हिस्की 'मोडते' असं मानणारे पुष्कळ आहेत, पण स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी 2017 साली संगणकावर रेणूंची हालचाल तपासली तेव्हा उलटंच दिसलं. व्हिस्कीचा वास देणाऱ्या ग्वायकॉलसारख्या रेणूंना अल्कोहोलची सोबत आवडते. अल्कोहोल फार असलं की ते द्रवाच्या पोटात विखरून राहतात. पाणी घातलं की अल्कोहोल पृष्ठभागाकडं जमतं आणि त्याच्या पाठोपाठ ग्वायकॉलही वर येतं, नाकाजवळ. बर्फ मात्र उलटं करतो. थंडीनं वास उडतच नाहीत आणि जीभही बधिर होते.

केंटकीतल्या लुइव्हिल विद्यापीठात 2020 साली आणखी एक पाहणी प्रसिद्ध झाली. पाणी घातलेल्या बर्बनचा थेंब काचेवर वाळू दिला की मागं कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उरते, आणि प्रत्येक कंपनीची नक्षी वेगळी. स्कॉचच्या थेंबात ती उमटत नाही, कारण जुन्या पिंपानं तेवढं काही दिलेलंच नसतं. विणकरांच्या वस्तीत हे सांगताना मला उगाच बरं वाटलं.

ग्लास तोंडाशी निमुळता असावा. नाक एकदम आत खुपसू नये. तोंड किंचित उघडं ठेवून हुंगलं की अल्कोहोलचा झटका कमी बसतो. घोट गिळल्यावर श्वास नाकानं सोडावा, कारण ज्याला आपण चव म्हणतो तो मुख्यतः घशाच्या मागून नाकात जाणारा वास असतो. सर्दी झाल्यावर कुंदाही नुसता गोड लागतो, त्याचं कारण हेच. आणि एकदा बूच काढलं की बाटली पुन्हा साड्यांमागं ठेवू नये. अर्धी रिकामी झालेल्या बाटलीत हवा शिरते, आणि मग ती बदलते, पण जावयाला सांगण्यासारखी नव्हे.

सगळ्यात स्वस्त परीक्षा अशी: प्यालेला ग्लास रात्री धुऊ नये. अल्कोहोल सकाळपर्यंत उडून जातं. मागं उरतात ती जड, न उडणारी संयुगं, म्हणजे लाकडानं दिलेलं सगळं. रिकाम्या ग्लासला सकाळी काय वास येतो, ते त्या बाटलीचं खरं वय. मी त्यांना फोनवर सांगून ठेवलं होतं, कुंद्याचा वास येईल बघा.

परवा त्यांचा फोन आला. बाटली फोडली होती, प्रसंग कुठला ते सांगितलं नाही. सकाळी सून भांडी आवरायला आली, तिनं ग्लास उचलून हुंगला आणि विचारलं, "मामा, नव्या कपाटाचं बिल दिलं का? सुतार येऊन गेला वाटतं."